दात किडू नयेत म्हणून खाण्याच्या वेळा कशा आखाव्यात आणि दात कसे घासावेत

गोड खाल्ल्याने दात किडतात हे आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. मात्र गोड किती खाल्ले यापेक्षा ते दिवसातून किती वेळा, कशाबरोबर आणि झोपेच्या किती आधी खाल्ले यावर दातांची स्थिती अधिक अवलंबून असते, ही गोष्ट अजून घरोघरी पोहोचलेली नाही. त्यामुळे सणाच्या पंगतीत मुलाला दुसरी पुरणपोळी नाकारणारे पालक त्याच मुलाच्या हाती दिवसभर बिस्किटांचा पुडा देतात, आणि सकाळी मन लावून दात घासणारी माणसे रात्री साखर घातलेले दूध पिऊन तशीच झोपी जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार जगात सुमारे २ अब्ज लोकांच्या कायमच्या दातांत आणि सुमारे ५१.४ कोटी मुलांच्या दुधाच्या दातांत कीड आहे. यातील बराचसा भाग घरच्या घरी टाळता येण्यासारखा असतो, आणि त्यासाठी काय करावे हे येथे क्रमाने सांगितले आहे.

दात किडतो तेव्हा काय घडते

दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे एनॅमल, हा आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. त्याचा सुमारे ९६ टक्के भाग कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या स्फटिकांनी बनलेला असतो. या कवचावर, विशेषतः हिरडीच्या कडेला, दोन दातांच्या फटीत आणि दाढेच्या खाचांत, जिवाणूंचा मऊ, चिकट थर सतत साचत असतो. दंतवैद्य त्याला प्लाक म्हणतात. त्यात स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स आणि लॅक्टोबॅसिलस यांसारखे जिवाणू असतात. ते साखर खातात आणि आम्ल तयार करतात. तोंडाचा सामू (pH), म्हणजे आम्लतेचे माप, एरवी ७च्या आसपास असतो; तो जितका उतरतो तितके आम्ल अधिक. गोड पदार्थ तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच या थरातील सामू ५.५च्या खाली उतरतो आणि एनॅमलमधील खनिजे विरघळून बाहेर पडू लागतात. अमेरिकेतील रॉबर्ट स्टीफन यांनी १९४०च्या दशकाच्या पूर्वार्धात साखरेच्या द्रावणाने चूळ भरायला लावून हा उतार मोजला होता, आणि सामू पुन्हा पूर्वपदावर येण्यास साधारण अर्धा ते एक तास लागतो हेही तेव्हाच दिसून आले.

तो पूर्वपदावर येतो तो प्रामुख्याने लाळेमुळे. लाळ आम्ल सौम्य करते आणि तिच्यातले कॅल्शियम व फॉस्फेट दाताला परत मिळते, म्हणजे प्रत्येक झीज काही अंशी भरून निघते. ही भरपाई होण्यापूर्वीच पुढचा गोड घास तोंडात गेला, आणि दिवसामागून दिवस असेच होत राहिले, तर खनिजांचा तोटा साचत जातो. आधी दातावर निस्तेज पांढरा डाग पडतो, मग पृष्ठभाग खचतो आणि खड्डा तयार होतो. पांढऱ्या डागापर्यंतची अवस्था माघारी फिरवता येते. खड्डा पडल्यावर मात्र तो दंतवैद्याकडूनच भरून घ्यावा लागतो.

दातात अळी असते ही समजूत फार जुनी आहे, आणि रिंगणीच्या बियांची धुरी देऊन ती अळी काढून दाखवणारे लोक काही भागांत आजही भेटतात. फ्रान्सचे दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ मध्येच ही कल्पना नाकारली होती. दुखणाऱ्या दातासाठी अशा उपायांत घालवलेले आठवडे बहुधा तो दात गमावण्यास कारणीभूत ठरतात, म्हणून त्या वाटेला जाऊ नये.

पहिले काम: तीन दिवसांची नोंद

कोणताही बदल करण्यापूर्वी सलग तीन दिवस, त्यांपैकी एक सुटीचा, घरातल्या प्रत्येकाने तोंडात काय गेले आणि किती वाजता गेले हे कागदावर लिहून ठेवावे. प्रमाण लिहिले नाही तरी चालेल, पण वेळ मात्र चुकवू नये. खोकल्याची गोळी, प्रसादाचा पेढा, चव पाहण्यासाठी तोंडात टाकलेला गुळाचा खडा, जेवणानंतरची साखरेचे रंगीत दाणे मिसळलेली बडीशेप, औषधाचे गोड सरबत, हे सारे त्यात आले पाहिजे. नंतर ज्या नोंदीत साखर, गूळ, मध, मैदा, साबुदाणा, वेफर्स किंवा गोड पेय आहे तिच्यापुढे खूण करावी आणि दिवसाच्या खुणा मोजाव्यात.

एखाद्या नोकरदार घरातला साधा दिवस पाहू. साडेसहाला चहा-बिस्किट, साडेआठला पोहे आणि पुन्हा चहा, अकराला कार्यालयातला चहा, एक वाजता जेवण, चारला चहा आणि खारी, सहाला घरी येताना वेफर्स, नऊला जेवण, साडेदहाला साखर घातलेले दूध. या माणसाने मिठाईचा एक तुकडाही खाल्लेला नाही, तरी आठ वेळा त्याच्या दातांवरचा सामू उतरला. दर वेळी अर्धा तास धरला तरी चार तास झाले, आणि शेवटची वेळ झोपेच्या तोंडावर आल्यामुळे ती त्याहून लांबली, कारण झोपेत लाळ फारच थोडी सुटते. त्याच्याच शेजारचा माणूस दुपारच्या जेवणात श्रीखंड-पुरी खाऊन दिवसातून चारच वेळा तोंड हलवत असेल, तर त्याचे दात अधिक सुरक्षित आहेत.

याचा ठळक पुरावा स्वीडनमधील लुंड शहराजवळच्या विपेहोल्म संस्थेतून मिळाला. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील मतिमंद रुग्णांवर साखरेचे प्रयोग झाले आणि १९५४ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर साखर दिलेल्यांच्या दातांत किडीची वाढ थोडीच झाली, तर जेवणांच्या मधल्या वेळेत चिकट टॉफी दिलेल्यांचे दात झपाट्याने किडले, आणि टॉफी बंद केल्यावर तो वेग पुन्हा मंदावला. संमती देऊ न शकणाऱ्या माणसांचे दात जाणूनबुजून किडवणारा हा प्रयोग आज अत्यंत अनैतिक मानला जातो, आणि तो तसाच आहे. त्यांच्या दातांच्या किमतीवर मिळालेले हे ज्ञान आपण निदान वाया जाऊ देऊ नये.

म्हणून नोंदीवरून ठरवायचे लक्ष्य असे: खुणा असलेल्या वेळा दिवसाला चारपर्यंत आणाव्यात, त्या शक्यतो जेवण-न्याहारीच्या वेळीच याव्यात, दोन वेळांत किमान दोन तासांचे अंतर राहावे आणि रात्री दात घासल्यानंतर पाण्याखेरीज काहीही तोंडात जाऊ नये.

चहा, बिस्किटे आणि मधल्या वेळचे खाणे

आपल्या घरांत या वेळा वाढवणारी मुख्य गोष्ट चहा हीच असते, म्हणून बदलाची सुरुवात तेथून करावी. चहाच्या पानाने दात किडत नाहीत. त्यातली साखर आणि सोबतचे बिस्किट हा खरा प्रश्न आहे. चहात भिजवलेले बिस्किट दाढेच्या खाचांत लगद्यासारखे बसते, मैद्यातील पिठूळ भाग आणि साखर एकत्र चिकटून राहतात आणि आम्ल तयार होण्याचा काळ लांबतो. चार चहांपैकी दोन चहा न्याहारी आणि दुपारच्या खाण्याबरोबर घ्यावेत, आणि उरलेले बिनसाखरेचे प्यावेत किंवा सोडून द्यावेत. एकदम बिनसाखरेचा चहा जमत नसेल तर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत जावे. जीभ त्याला सहज सरावते. थर्मासमधला गोड चहा तासभर घोट घोट पिण्याची सवय मात्र पहिल्याच दिवशी बंद करावी, कारण तो तासभर चाललेला एकच लांब हल्ला असतो. शीतपेयांच्या बाटलीला आणि उसाच्या रसालाही हाच नियम लागू आहे.

साखरेऐवजी गुळाचा चहा घेतला म्हणजे दात वाचतील, ही समजूत अलीकडे फार पसरली आहे. गुळाचा मोठा भाग सुक्रोज म्हणजे साखरच असतो आणि मधात ग्लुकोज व फ्रुक्टोज असतात. जिवाणू या सर्वांपासून आम्ल तयार करतात. गूळ आवडतो म्हणून खावा, पण तो निरुपद्रवी समजून दिवसातून दहा वेळा खाऊ नये. खजूर, मनुका, अंजीर आणि चिक्की यांचे मुख्य वैगुण्य म्हणजे चिकटपणा, त्यामुळे त्यांची जागा जेवणाच्या ताटात असावी.

एकूण साखरेचाही विचार करायलाच हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केलेल्या शिफारशीनुसार पदार्थांत घातलेली साखर, तसेच मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ५ टक्क्यांहून कमी ठेवता आली तर अधिक लाभ होतो. प्रौढ माणसासाठी ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, अर्थात सुमारे सहा छोटे चमचे. कोलासारख्या शीतपेयाच्या ३०० मिलिलीटरच्या एका बाटलीतच सुमारे ३० ग्रॅम साखर असते.

मधल्या वेळी भूक लागली तर भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, काकडी, गाजर, मोड आलेली मटकी, उकडलेले अंडे, पनीर किंवा चीजचा तुकडा, बिनसाखरेचे ताक यांपैकी काही घ्यावे. चीज विशेष उपयोगी असते, कारण ते चावताना लाळ भरपूर सुटते आणि त्यातील कॅल्शियम दाताच्या बाजूने काम करते. साधे दूधही दातांना फारसे अपाय करत नाही, अडचण त्यात ढवळलेल्या साखरेची आणि चॉकलेटी भुकटीची असते. अख्खे फळ चावून खावे. त्याचा रस काढून, गाळून, वर साखर घालून प्यायल्यास फळाचा दातांना होणारा फायदा निघून जातो. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, कोशिंबीर असे चावून खावे लागणारे जेवण लाळ वाढवते, आणि या दृष्टीने आपला जुना आहार मऊ पाव आणि नूडल्स यांच्याहून निःसंशय सरस आहे.

लिंबू सरबत, कोकम सरबत आणि शीतपेये स्वतःच आम्लधर्मी असल्यामुळे साखर नसली तरी एनॅमल झिजवतात. ती जेवणाबरोबर प्यावीत, तोंडात घोळवू नयेत, नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि किमान अर्धा तास ब्रश लावू नये, कारण आम्लाने मऊ झालेला पृष्ठभाग ब्रशने घासला जातो.

सण आणि उपवास

सणाच्या गोडधोडाला घाबरण्याचे कारण नाही. पुरणपोळी, श्रीखंड, आमरस, उकडीचे मोदक हे पदार्थ आपण पूर्वापार ताटात, वरणभात आणि भाजी यांच्यासोबत खात आलो, आणि दातांसाठी गोड खाण्याची हीच उत्तम रीत आहे. दिवाळीच्या फराळाचा डबा दिवसभर उघडा राहिला की मात्र त्रास सुरू होतो. जाता-येता एक करंजी, एक शंकरपाळा असे करण्यापेक्षा दुपारी चारच्या सुमारास ताटली भरून एकदाच फराळ करावा. संक्रांतीचा हलवा चघळत राहण्याऐवजी मुलांना मिळालेला तिळगूळ घरी आणून जेवणानंतर खायला सांगावे.

उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याची चिक्की, केळ्याचे वेफर्स, खजूर आणि अनेकदा घेतलेला गोड चहा यांमुळे खाण्याच्या वेळा एरवीपेक्षा वाढतात. नवरात्र किंवा श्रावणात अनेक दिवस उपवास करणाऱ्यांनी फराळाच्या दोन-तीन वेळा ठरवून घ्याव्यात, मध्ये पाणी किंवा ताक प्यावे आणि रात्रीचे दात घासणे कोणत्याही दिवशी सोडू नये.

जेवणानंतरच्या मुखवासासाठी साधी भाजलेली बडीशेप किंवा धनाडाळ चांगली. सुगंधी गोड सुपारी, जी अनेक घरांत मुलांनाही दिली जाते, ती मात्र पूर्णपणे टाळावी, कारण सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे.

दात घासण्याची रीत

दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी दोन मिनिटे, मऊ केसांच्या ब्रशने आणि फ्लोराइड असलेल्या टूथपेस्टने दात घासावेत. या दोन वेळांपैकी रात्रीची अधिक महत्त्वाची आहे, कारण झोपेत लाळेचे संरक्षण जवळजवळ नसते आणि जो थर व जे अन्नकण तोंडात राहतात त्यांना सहा-सात तास मोकळे रान मिळते. आपल्याकडे उठल्या उठल्या दात घासण्याचा प्रघात पक्का आहे आणि तो चांगलाच आहे. रात्रीचा प्रघात त्याला जोडावा. थकून आल्यावर कंटाळा येतो हे खरे, म्हणून झोपायच्या क्षणाची वाट न पाहता रात्रीचे जेवण आणि आवराआवर झाल्यावर लगेच दात घासून घ्यावेत, म्हणजे नंतर काही खाण्याची इच्छाही कमी होते.

ब्रशचे केस हिरडी आणि दात जेथे भेटतात त्या रेषेवर तिरके, साधारण ४५ अंशांत टेकवावेत आणि दोन-दोन दातांवर लहान लहान, हलक्या हालचाली करत पुढे सरकावे. आधी बाहेरची बाजू, मग आतली, शेवटी दाढांचा चावण्याचा पृष्ठभाग, असा एकच क्रम रोज ठेवला तर काही सुटत नाही. खालच्या दाढांची जिभेकडची बाजू आणि वरच्या शेवटच्या दाढांची गालाकडची बाजू बहुतेकांकडून राहून जाते. तिथे तोंड थोडे मिटून घेतल्यास गाल सैल पडतो आणि ब्रश आत पोहोचतो. जोर लावून आडवे घासल्याने स्वच्छता वाढत नाही, उलट हिरड्या खाली सरकतात, दाताच्या मानेशी खाच पडते आणि गार पाण्याने दात शिवशिवू लागतात. केस फाकले की, किंवा तीन महिन्यांनी, ब्रश बदलावा.

घासून झाल्यावर फेस थुंकावा आणि तेवढ्यावर थांबावे. भरपूर पाण्याने खळखळून चुळा भरण्याची आपली सवय इतकी मुरलेली आहे की हा सल्ला विचित्र वाटतो, परंतु त्या चुळांबरोबर दातावर राहायला हवे असलेले फ्लोराइड धुऊन जाते. अगदीच राहवत नसेल तर एखादा लहान घोट पुरे. दर खाण्यानंतर चूळ भरण्याची रीत वेगळी आणि फार उपयुक्त आहे, ती जरूर चालू ठेवावी. तिने अन्नकण निघतात, चिकट थर मात्र निघत नाही, एवढे ध्यानात असावे.

दोन दातांमधील फटीत ब्रश पोहोचत नाही आणि प्रौढांमध्ये कीड बरेचदा तिथेच सुरू होते. दिवसातून एकदा, रात्री, फ्लॉसचा, म्हणजे दातांच्या फटी साफ करण्याच्या बारीक धाग्याचा, हातभर तुकडा दोन बोटांना गुंडाळून फटीत हळू उतरवावा, एका दाताला मिठी मारल्यासारखा वाकवून वर-खाली करावा आणि मग दुसऱ्या दाताला तसेच करावे. फटी मोठ्या असतील तर त्यासाठी मिळणारे बारीक ब्रश अधिक सोपे पडतात. टाचणी, सेफ्टी पिन किंवा आगपेटीच्या काडीने दात कोरू नयेत.

कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी नीट चावून तिचा कुंचला करून वापरली तर पुढचे दात बऱ्यापैकी स्वच्छ होतात, पण दाढांच्या आतल्या बाजूला ती पोहोचत नाही आणि तिच्यात टूथपेस्टमधले फ्लोराइड नसते. राखुंडी, कोळशाची पूड आणि खरखरीत मंजने एनॅमल खरवडतात. मिश्रीविषयी मात्र स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. ग्रामीण महाराष्ट्रात अनेक स्त्रिया दात स्वच्छ होतात म्हणून ती लावतात, पण ती भाजलेली तंबाखू आहे, तिचे व्यसन लागते, तिने तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि गरोदरपणी पोटातल्या बाळालाही अपाय होतो. तंबाखू मिसळलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर भारतात १९९२ मध्येच बंदी आली. आपल्या आई-आजींना ती सोडवण्यासाठी रागावण्यापेक्षा दंतवैद्याकडे नेऊन हिरड्यांवर उपचार करावेत, कारण दात दुखतो आणि मिश्रीने तो बधिर होतो म्हणून ती सुटत नाही, असे पुष्कळदा असते.

फ्लोराइड: कोणाला किती

फ्लोराइड एनॅमलच्या स्फटिकांत मिसळले की ते आम्लाला अधिक टिकाव धरतात आणि सुरुवातीची झीज लवकर भरून निघते. टूथपेस्ट घेताना चव आणि जाहिरात यांपेक्षा नळीवर फ्लोराइडचे प्रमाण किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) लिहिले आहे ते पाहावे. ते १००० पीपीएमच्या आसपास असावे. केवळ वनौषधींच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टमध्ये फ्लोराइड मुळीच नसते. तीन वर्षांखालील मुलांसाठी तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. ब्रशभर लांब पट्टी जाहिरातीत दिसते, लहान मुलांना तिची गरज नाही.

येथे महाराष्ट्रातील एक गोष्ट वेगळी नोंदवावी लागते. चंद्रपूर, यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तरच १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालावे, असे भारतीय मानक आहे. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी लहानपणी वर्षानुवर्षे प्यायल्यास दातांवर पांढरे, पुढे तपकिरी चट्टे पडतात. ही कीड नव्हे आणि मंजनाने घासून हे चट्टे जात नाहीत. अशा गावांत विहिरीचे किंवा बोअरचे पाणी तपासून घ्यावे, पिण्यासाठी सुरक्षित पाण्याची सोय करावी आणि मुलांच्या पेस्टविषयी दंतवैद्याला विचारावे.

लहान मुलांसाठी

दुधाचे दात पडणारच आहेत, मग त्यांच्यावर खर्च कशाला, हा विचार मुलांचे फार नुकसान करतो. दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात राहतात, त्यांच्यावर मुलाचे चावणे अवलंबून असते आणि कायमच्या दातांची जागाही त्याच राखून ठेवतात. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात दिसतो. त्या दिवसापासून तो स्वच्छ करायला लागावे आणि पहिला वाढदिवस होण्याच्या सुमारास एकदा दंतवैद्याला दाखवावे.

बाळाला तोंडात दुधाची बाटली देऊन झोपवू नये. दूध पाजून झाल्यावर तोंड पुसावे आणि बाटलीत साखर कधीच घालू नये. चोखणीला मध किंवा साखर लावून देण्याने वरचे पुढचे दात दीड-दोन वर्षांच्या वयातच काळे पडून तुटलेले दिसतात. शिवाय एक वर्षाखालील बाळाला मध देणे जिवावरही बेतू शकते. औषधाची सरबते आणि दिवसातून अनेकदा दिल्या जाणाऱ्या साखरेच्या गोळ्या दात घासण्यापूर्वी द्याव्यात, नंतर नव्हे.

सहाव्या वर्षी कायमची पहिली दाढ दुधाच्या दाढांच्या मागे उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नसल्यामुळे ती आलेली पालकांच्या लक्षातच येत नाही, तीही दुधाचीच समजून दुर्लक्षित राहते आणि आठव्या-नवव्या वर्षी किडलेली सापडते. म्हणून साडेपाच वर्षांपासून दर महिन्याला बॅटरीच्या उजेडात मागे पाहावे. दाढ पूर्ण वर आली की तिच्या खाचा बुजवणारा थर, ज्याला सीलंट म्हणतात, दंतवैद्याकडून बसवून घ्यावा. बाराव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या दाढांनाही तोच उपाय करता येतो. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हातात ब्रश असला तरी रात्रीचे घासणे मोठ्यांनी स्वतः पूर्ण करावे. मुलाला मांडीवर मागे टेकवून घेतल्यास आतले दात नीट दिसतात.

तोंड कोरडे पडत असेल तर

रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी यांवरील काही औषधांनी, मधुमेहाने आणि तोंडाच्या कर्करोगावरील किरणोपचारांनी लाळ घटते. उतारवयात हिरड्या खाली सरकून दातांची मुळे उघडी पडलेली असतात, आणि मुळांवर एनॅमल नसल्यामुळे ती सौम्य आम्लानेही किडतात. अशा माणसांनी औषधे स्वतः बंद न करता डॉक्टरांना ही तक्रार सांगावी, पाणी थोडे थोडे पीत राहावे, घसा ओला ठेवण्यासाठी लिंबाच्या गोळ्या किंवा खडीसाखर चघळू नये, हवे तर बिनसाखरेचे च्युइंगम चघळावे आणि दंतवैद्याकडून फ्लोराइडचा लेप लावून घ्यावा. गरोदरपणी उलट्या होत असतील तर उलटीनंतर लगेच ब्रश न लावता पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा मिसळून चूळ भरावी.

स्वतः तपासणे आणि दंतवैद्याकडे जाणे

महिन्यातून एकदा दात स्वच्छ रुमालाने कोरडे करून आरशात पाहावेत. हिरडीलगतची खडूसारखी पांढरी रेघ, दाढेच्या खाचेतला तपकिरी ठिपका, एकाच जागी पुन्हा पुन्हा अडकणारे अन्न, फटीत फाटणारा फ्लॉस, ही सर्व न दुखणाऱ्या किडीची लक्षणे आहेत. या टप्प्यावर गेल्यास लेपाने किंवा छोट्या भरावाने काम भागते आणि खर्चही थोडाच येतो. दुखत नाही म्हणून थांबू नये. दुखू लागते तेव्हा कीड बहुधा आतल्या नसेजवळ पोहोचलेली असते. गरम पदार्थाने सुरू झालेली कळ बराच वेळ टिकत असेल किंवा रात्री आडवे झाल्यावर दात ठणकत असेल, तर बहुतेक वेळा रूट कॅनाल करावे लागते किंवा दात काढावा लागतो.

खासगी उपचार परवडत नसतील तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय येथे जाता येते. तपासणी साधारण सहा महिन्यांनी करावी. कीड वारंवार लागत असेल तर दंतवैद्य अधिक लवकर बोलावतील, आणि त्या वेळी तीन दिवसांच्या नोंदीचा कागद सोबत न्यावा. त्यावरून त्यांना कारण चटकन सापडते.

दुखऱ्या दाताशेजारी हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी किंवा तंबाखू दाबून ठेवू नये, त्याने हिरडी भाजते. औषधाच्या दुकानातून स्वतःहून प्रतिजैविके आणून खाल्ल्यास ठणका काही दिवस थांबतो, पण दातातला संसर्ग तसाच राहतो. गाल किंवा जबडा सुजला, ताप आला, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच वेळी मोठ्या रुग्णालयात जावे.